वाट पाहणाऱ्यांची झाडं

९ जानेवारी

दालन मिळालं. दालनाच्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. त्यांच्या समितीनं काल मान्यता दिली, मेच्या पहिल्या आठवड्यात प्रदर्शन. "आता मागे फिरायचं नाही हं," म्हणाल्या. मी म्हटलं, मागे फिरण्याइतकी जागाच नाही आमच्या खोलीत, दाबयंत्रानं सगळी अडवली आहे.

तर नऊ लाकडी ठसे, नऊ झाडं. लोक ज्यांच्याखाली वाट पाहत थांबतात, तेवढीच झाडं घ्यायची. बसथांब्यामागचं. शाळेच्या फाटकाबाहेरचं. कोर्टासमोरचं, ज्याच्या मुळांवर बसून बसून लोकांनी ती बाकासारखी गुळगुळीत केली आहेत. इस्पितळाच्या दारातलं. माणूस एकही काढायचा नाही. झाडाकडे पाहूनच कळायला हवं, की आत्ता इथून कोणीतरी उठून गेलं.

स्केचेस गेल्या दोन वर्षांतली तयार आहेत. कामाची वाटणी नेहमीचीच: धाकटा भाऊ स्केच उलटं करून फळीवर उतरवणार, कारण छापताना डावं ते उजवं होतं. कोरायचं मी. शाई, रूळ आणि दाबयंत्र पुन्हा त्याचं. कोरलेलं पांढरं येतं, न कोरलेलं काळं. एवढंच आमचं शास्त्र.

मासिकासाठी चित्रं काढण्यात आयुष्य गेलं, एकदाही उशीर केला नाही. मे महिन्याची भीती वाटत नाही. नऊ झाडं एकसारखी दिसतील का, याची वाटते.

२१ जानेवारी

बसथांब्यामागचं झाड छापून झालं. चांगलं आलंय, असं मीच लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. धाकट्यानं कागद दोरीवर लावला आणि म्हणाला, "दादा, या झाडाखाली उभं राहिलं तर बस येणारच नाही असं वाटतं." याहून मोठी पावती नको.

ही चहा घेऊन आली. उठताना माझा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला आणि बशीत चहा सांडला. ही म्हणाली, "परत? अहो, चौकट काय चालत येते का तुमच्याकडे?"

३० जानेवारी

शाळेसमोरचं झाड कोरून संपलं. हे अवघड होतं, पानं बारीक. दुपारी डोकं दुखतं. टर्पेंटाइनचा वास कोंडतो. खिडकी उघडी ठेवायला सांगितली आहे.

जेवताना ही म्हणाली, "अर्ध्या ताटाचा उपास कधीपासून धरलात?" मला वाटलं, संपलं होतं. तिनं ताट थोडं फिरवलं तर भात आणि भाजी होतीच. भूक नव्हती असं सांगून वेळ मारून नेली. खरं तर भूक होती.

४ फेब्रुवारी

शाळेसमोरच्या झाडाचा ठसा आला. ठीक. धाकटा शाई लावण्याआधी फळी घेऊन मागच्या खोलीत गेला आणि बऱ्याच वेळानं आला. विचारलं तर म्हणाला, "ढलप्या साफ करत होतो."

१२ फेब्रुवारी

अंगठ्याला पटाशी लागली, डाव्या. मला कळलंच नाही. हिला फळीवर लाल दिसलं म्हणून. पट्टी बांधताना म्हणाली, "दुखत नाही?" नाही दुखत. इतक्या वर्षांत हाताला घट्टे पडलेत, त्यांचा हा फायदा.

हिनं याच वहीकडे पाहून म्हटलं, "समास किती सोडता हल्ली! निम्मं पान कोरं." कागद वाचवायचं वय आहे का आता, असं म्हणालो.  तिनं पट्टी उगाच पुन्हा सोडून बांधली.

१९ फेब्रुवारी

आज भांडण. लिहून ठेवतो म्हणजे डोकं शांत होईल.

कोर्टासमोरच्या झाडाचा पहिला ठसा दोरीवर होता. उजव्या कडेला तीन डहाळ्या आहेत. त्या माझ्या नाहीत. माझी पटाशी लाकडातून बाहेर पडताना हिसका देते. रेघेचं टोक तुटकं राहतं. ते माझ्या सहीसारखं आहे, मासिकातले लोक त्यावरून ओळखायचे. या डहाळ्यांची टोकं निमुळती होती. घाबरत घाबरत कोरलेली.

"ह्या कुणी कोरल्या?"

"तूच की."

"मी असा कोरतो? ह्या डहाळ्या माफी मागताहेत."

त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "कडेला थोडं राहिलं होतं दादा. म्हटलं विसरला असशील."

"मी विसरत नाही. राहिलं असेल तर ते तसंच राहायचं होतं. माझ्या फळीला पटाशी लावायची नाही. शाई लाव, रूळ फिरव, बास."

"चुकलं. नाही लावणार हात."

संध्याकाळी निघताना रोजच्यासारखं "येतो दादा" म्हणाला नाही. ही म्हणाली, "एवढं काय झालं? डहाळ्या आहेत ना झाडाला?" तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्याच्या हाताची एक रेघ आली की झाड परकं होतं.

रागाच्या भरात थोडं जास्त बोललो असेन. पण मुद्दा बरोबर होता.

२७ फेब्रुवारी

इस्पितळाच्या दारातलं झाड कोरतो आहे. हे सगळ्यात महत्त्वाचं. आई आत होती तेव्हा आम्ही दोघं भाऊ याच्याखाली बसायचो. धाकटा बिस्किटं आणायचा आणि दोघांपैकी कोणीच खायचं नाही. याची फांदी फार आडवी जाते, छपरासारखी. तीच तर हवी आहे.

गती चांगली आहे. पूर्वी ज्याला महिना लागायचा ते आता लवकर होतंय. हात बसलाय.

११ मार्च

इस्पितळाचं झाड संपलं. फळी धाकट्याच्या हातात दिली. त्यानं ती पाहिली आणि विचारलं, "झाली पूर्ण?"

"झाली."

"नक्की ना दादा?"

"तुला छापायचं नसेल तर मी दुसरा बघतो."

"उद्या छापतो," म्हणाला.

१२ मार्च

आजचं क्रमानं लिहितो.

धाकट्यानं ठसा घेतला. कागद फळीवरून सोलून दोरीवर लावला. खोड आलं होतं, सालीचा प्रत्येक ओरखडा दिसत होता. आणि खोडाच्या पुढे काळं. नुसतं काळं, कडेपर्यंत. एक पान नाही, फांदी नाही.

"कुठली फळी लावलीस?"

"तू दिलीस तीच."

"पानं कुठायत माझी?"

"दादा, बस जरा."

"पानं कुठायत? एवढे दिवस कोरलीत मी. सूड उगवतोस? शाईत बुजवलीस सगळी?" आणि मग मी म्हणालो, की तुला पटाशी धरता आली नाही म्हणून रूळ हातात दिला, आता तोही काढून घ्यावा लागेल. ही दारात उभी होती. तिनं हे ऐकलं.

त्यानं कागद दोरीवरून काढला आणि माझ्यासमोर उलटा धरला, झाडाचा शेंडा जमिनीकडे. पानं आली. सगळी. डहाळ्याही. मी कोरली होती अगदी तशी, तुटक्या टोकांची. मग त्यानं कागद सुलटा केला, आणि पानं गेली. पुन्हा उलटा. आली.

मी म्हटलं, "हे काय करतोस?"

"मी काही करत नाहीये, दादा."

मग त्यानं फळी आणली. मी पाहिली, व्यवस्थित कोरलेली होती. त्यानं ती टेबलावर फिरवली आणि माझं बोट धरून लाकडावर ठेवलं. गुळगुळीत. त्याच्या पेन्सिलीच्या रेघा जशाच्या तशा, एकीलाही पटाशी लागलेली नाही. निम्मी फळी. तिच्यासमोर मी रोज सकाळपासून बसत होतो.

"हे कधीपासून?"

"दुसऱ्या झाडापासून," तो म्हणाला. "तेव्हा कडेला बोटभरच होतं. ते मी भरून टाकलं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तुला सांगितलं असतं तर आवडलं नसतं."

मला आवडलं नसतं, हे खरं आहे.

हिनं उद्याची वेळ घेतली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची नाही.

१३ मार्च

डॉक्टर तरुण आहेत. कागदावर एक लांब आडवी रेघ काढली आणि म्हणाले, हिच्या मध्यावर खूण करा. मला हसू आलं. नजरेनं मध्य काढण्यावर मी मासिकात पैजा जिंकल्या आहेत. खूण केली. हिनं तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही," ही म्हणाली. "थोडी सरकली."

मग घड्याळ काढायला लावलं. मी काढलं, सुरेख गोल. डॉक्टरांनी विचारलं, सगळे आकडे आले? मी म्हटलं, आले. ते काहीतरी लिहू लागले.

परतताना इस्पितळाच्या फाटकाशी ही म्हणाली, "तुमचं झाड बघितलंत?" मी म्हणालो, तोडलं वाटतं. तिनं मला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं. होतं. खाली एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

१८ मार्च

गाठ आहे. मेंदूत, उजव्या बाजूला, लिंबाएवढी. उजवीकडची गाठ डावीकडचं जग खाते, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणाले, "तुमच्या कामात सगळं उलटंच उमटतं, तेव्हा तुम्हाला हे सोपं जाईल." नाही गेलं.

सगळ्यात विचित्र हे, की मला काही दिसत नाही असं वाटतच नाही. तिथे अंधार असता, धुकं असतं, तर मीच ओरडलो असतो. तिथे काहीच कमी नाही. खोली पूर्ण आहे, ताट पूर्ण आहे, हे पानही पूर्ण आहे. तिथे काही आहे, हेच मनात येत नाही. फळीवर जे सोडत गेलो, ते छापताना दुसऱ्या बाजूला उमटलं आणि मला दिसलं. दुसरा कुठला धंदा करत असतो तर अजून महिनाभर कळलं नसतं. कदाचित रस्ता ओलांडताना कळलं असतं.

ऑपरेशन करावं लागणार. नंतर ती बाजू परत येईल का, हे विचारलं. "बघू" म्हणाले. हा शब्द मी स्वतः संपादकांना अनेकदा ऐकवला आहे, त्याचा अर्थ मला माहीत आहे.

२० मार्च

दालनाच्या बाई आल्या होत्या. त्यांना अजून सांगितलं नव्हतं. इस्पितळाच्या झाडाचा काळा ठसा भिंतीला टेकवून ठेवला होता, टाकून द्यायला. त्याच्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे तर सगळ्यात पुढचं झालंय. निम्मं झाड आणि निम्मी रात्र. केवढं धाडस! बाकीचीही अशीच करा ना."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. त्या खुर्चीत बसल्या, हिच्याकडून पाणी घेतलं. खरंच वाईट वाटलं त्यांना, खोटं नाही लिहीत. पण पेला खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "हे कळल्यावर तर लोक याच्यासमोरून हलणार नाहीत. खाली एक ओळ लिहूया, आजाराबद्दल. अगदी छोटी."

मी म्हटलं, "बाई, ते काळं मी घातलेलं नाही. जे मी केलं नाही, त्याचं कौतुक नको."

"पण ते आहे ना सुंदर."

"असेल. झाड नाही ते."

त्या गेल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, एवढं मोठं गिऱ्हाईक तू आपल्या बापाच्या थाटात घालवलंस, तोही असाच दारातून परत पाठवायचा." बऱ्याच दिवसांनी त्याचा असा आवाज ऐकला. आम्ही तिघंही हसलो. मग ही मध्येच उठून आत गेली.

२३ मार्च

इस्पितळाच्या झाडाची फळी फिरवून कोरायचा प्रयत्न केला. शेंडा माझ्याकडे, बुंधा पलीकडे. धाकटा माझ्या उजवीकडे उभा, "अजून आहे, अजून आहे" म्हणत. एक फांदी झाली. पण उलट्या झाडाचं वजन कळत नाही. फांदी कुठे थकून खाली येते ते हाताला समजलं पाहिजे, आणि हात नुसता रेघेमागे जातो. माझा डावा हात फळी दाबून धरतो आहे असं मी समजत होतो. तो मांडीवर पडलेला होता. फळी सरकली आणि पटाशी खोडात घुसली. खोडावर आता एक पांढरी जखम आहे.

पटाशी खाली ठेवली. "तू कर," म्हटलं.

"मी?"

"रेघा तुझ्याच उतरवलेल्या आहेत. तूच कोर."

"माझा हात दिसेल त्यात."

"दिसू दे."

"माफी मागणाऱ्या डहाळ्या येतील." तो हे हसत म्हणाला, पण त्यानं ते लक्षात ठेवलंय.

मी म्हणालो, "ते मी मूर्खासारखं बोललो. रुळाचंही." तो पटाश्यांना धार लावायला बसला. त्यांना गेल्या आठवड्यातच लावली होती.

२६ मार्च

ऑपरेशन सोमवारी. नऊ झाडांची आता पाच झाली. पाचवं गाडीतळाजवळचं, त्याच्या रेघा उतरवून ठेवल्या आहेत. बाईंनी फोनवर होकार दिला. काळ्या ठशाचं पुन्हा नाव काढलं नाही, मी तो धाकट्यासमोर फाडला.

डॉक्टरांनी आज सगळं समजावलं. मग ही त्यांच्याशी बाहेर उभी राहून बराच वेळ बोलत होती. आली तेव्हा डोळे धुतलेले. विचारलं तर म्हणाली, "गाडी कुठे लावायची ते विचारत होते."

आमच्याकडे गाडी नाही. रिक्षाची म्हणाली असेल.

२८ मार्च

धाकटा खोलीतच जेवतो आहे. इस्पितळाच्या झाडाची निम्मी बाजू त्यानं कोरत आणली. फळी उलटी करून मला दाखवत जातो. त्याच्या डहाळ्या अजून निमुळत्याच आहेत. पण ती आडवी फांदी त्यानं जरा वाकवली आहे, स्केचपेक्षा खाली. का, असं विचारलं. म्हणाला, "तिथे आपण बसायचो ना. डोक्याला लागायची ती." मी विसरलो होतो. बरोबर आहे, लागायची.

दुपारी एक चमत्कारिक गोष्ट. त्यानं कोऱ्या कागदांची चळत माझ्यापुढे ठेवली, वर पेन्सिल. म्हणाला, "दादा, खाली सह्या करून ठेव. मग मी वर छापत जाईन. नंतर उगाच तुला त्रास नको."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. ठसा आला, वाळला, डोळ्यांखालून गेला, की सही. आधी नाही. कोऱ्या कागदावर सही म्हणजे न पाहिलेल्या चित्राची हमी. हे त्याला मीच शिकवलं आहे, त्याला मिसरूड फुटत होती तेव्हा.

"घाई काय आहे? मे महिना आहे अजून."

"नाही, म्हटलं, हात मोकळा आहे तोवर."

"नंतर हात बांधून ठेवणार आहेत का?"

तो हसला नाही. हिच्याकडे पाहिलं. ही भांडी पुसत होती, पुसलेलीच. "बरं," तो म्हणाला आणि चळत उचलून हात धुवायला गेला. शाईचं कामही नव्हतं आज. नळ मात्र बराच वेळ चालू होता.

हे दोघं गेले काही दिवस विचित्र वागताहेत. काळजीनं होतं माणसांचं असं.

२९ मार्च, रविवार

डोकं भादरून झालं. धाकट्यानंच केलं, "ही फळी सोपी आहे, गाठी नाहीत" म्हणाला आणि मग जीभ चावली. मी म्हटलं, अरे, एक आहे. ही ओरडली आम्हा दोघांवर. घर क्षणभर पूर्वीसारखं वाटलं.

पिशवी भरून झाली. हिनं चष्मा, चादर, दोन शर्ट घेतले. ही वही नको म्हणाली, तिथे सांभाळायला नको म्हणून. घरीच राहील.

उद्याचं असं ठरलं आहे. सकाळी सातला रिक्षा येईल. आठच्या सुमाराला मला आत नेतील. काम दुपारपर्यंत चालेल असा डॉक्टरांचा अंदाज आहे. ही बाहेर थांबेल. धाकटा आधी येणार नाही, मीच नको म्हटलं. तो इथे इस्पितळाच्या झाडाचा ठसा घेईल. फळी पूर्ण झाली आहे, शाई कालवून ठेवली आहे. ओला ठसा दोन पुठ्ठ्यांत धरून तो संध्याकाळी तिकडे येईल. मी जागा झालो, की आधी त्याला आत सोडायचं असं हिनं नर्सशी बोलून ठेवलं आहे. मी पाहीन, काय चुकलं ते सांगीन, आणि वाळल्यावर सही करीन.

पलंगाच्या कुठल्या बाजूला उभं राहून कागद धरायचा, ते डॉक्टर त्याला तेव्हा सांगणार आहेत.